इंधन संपून होणारे हेलिकॉप्टरचे अपघात : कोल्हापूरकरांच्या मनातील प्रश्न आणि त्यांची उत्तरे

निवडणुकीच्या सभा, नवरीची पाठवणी, मंत्र्यांचे पाहणी दौरे आणि महापुरातील मदतकार्य यांमुळे कोल्हापूर जिल्ह्यात हेलिकॉप्टर आता नित्याचे झाले आहे. उजळाईवाडीच्या विमानतळाखेरीज शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर आणि साखर कारखान्यांच्या आवारातही तात्पुरती हेलिपॅड तयार होतात. ती तयार करणारे, हेलिकॉप्टर भाड्याने घेणारे आणि त्यातून प्रवास करणारे लोक जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांतील इंधनाशी संबंधित प्रश्न येथे घेतले आहेत. यांतील बरेचसे अपघात टाळता येण्यासारखे होते आणि ते टाळण्याची संधी बहुधा जमिनीवर असतानाच हातची गेली होती. म्हणून हा विषय वैमानिकांपुरता मर्यादित ठेवणे योग्य नाही, असे मला वाटते.

आजच्या काळातही केवळ इंधन संपल्यामुळे हेलिकॉप्टर पडू शकते का?

होय. यंत्र पूर्णपणे निर्दोष असताना, हवामान चांगले असताना आणि अनुभवी वैमानिक चालवत असतानाही असे अपघात झाले आहेत. १९६० मध्ये सोव्हिएत संघाच्या हद्दीत यू-२ हे टेहळणी विमान पाडले गेल्यामुळे जगभर माहीत झालेला अमेरिकी वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स पुढे लॉस एंजेलिसमधील एका दूरचित्रवाणी वाहिनीचे हेलिकॉप्टर चालवत असे. १ ऑगस्ट १९७७ रोजी सांता बार्बरा भागातील वणव्याचे चित्रीकरण करून परतताना त्याच्या बेल जेटरेंजर हेलिकॉप्टरमधील इंधन संपले आणि तो व त्याचा छायाचित्रकार असे दोघेही मृत्युमुखी पडले. अत्यंत उंचीवरून शत्रूच्या प्रदेशावर उड्डाण केलेल्या माणसाचा शेवट स्वतःच्या शहरात, परतीच्या वाटेवर व्हावा, यावरून अनुभव हा इंधनाला पर्याय ठरत नाही हे ध्यानात यावे.

टाकीत इंधन शिल्लक असूनही इंजिन बंद पडते असे ऐकले आहे. हे कसे शक्य आहे?

तपास करणाऱ्या संस्था दोन प्रकारांत स्पष्ट फरक करतात. पहिल्या प्रकारात हेलिकॉप्टरमधील वापरण्याजोगे इंधन खरोखरच संपलेले असते. दुसऱ्या प्रकारात इंधन टाकीत असते, मात्र ते इंजिनापर्यंत पोहोचत नाही. पंप बंद राहिलेला असतो, झडप चुकून मिटलेली असते, गाळणी तुंबलेली असते किंवा इंधनात पाणी उतरलेले असते. प्रवाशाच्या दृष्टीने परिणाम एकच असला, तरी उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्या प्रकाराला नियोजन आणि वेळेवर उतरण्याची तयारी लागते, तर दुसऱ्या प्रकारासाठी आपल्या यंत्रातील इंधनाची वाट वैमानिकाला पाठ असावी लागते आणि आणीबाणीची तपाससूची हातात घेऊन ती पूर्ण करण्याची शिस्त लागते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झालेला पोलिसांच्या हेलिकॉप्टरचा अपघात नेमका या दोन्हींच्या सीमेवर घडला, म्हणून तो सविस्तर समजून घेतला पाहिजे.

ग्लासगोमध्ये नेमके काय घडले?

२९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री स्कॉटलंड पोलिसांच्या कामावर असलेले युरोकॉप्टर ईसी १३५ जातीचे हेलिकॉप्टर ग्लासगो शहरातील ‘क्लूथा’ या मद्यगृहाच्या छतावर कोसळले. हेलिकॉप्टरमधील वैमानिक व दोन पोलीस आणि इमारतीतील सात जण, अशा दहा जणांचा या अपघातात मृत्यू झाला. रात्री पावणेनऊच्या सुमारास सुमारे ४०० किलो इंधन घेऊन ते निघाले होते. मुख्य शोधकाम आटोपल्यावर परतीच्या वाटेवर त्याने आणखी काही ठिकाणी पाहणीची कामे केली आणि दहा वाजून बावीस मिनिटांच्या सुमारास ते पडले.

या यंत्रातील इंधनव्यवस्था समजली की अपघात समजतो. त्यात एक मोठी मुख्य टाकी असते आणि प्रत्येक इंजिनासाठी एक, अशा दोन लहान पुरवठा टाक्या असतात. इंजिने थेट मुख्य टाकीतून इंधन घेत नाहीत. मुख्य टाकीतील दोन पंप इंधन पुरवठा टाक्यांत ढकलत राहतात आणि तेथून ते इंजिनांना मिळते. टाकीतील पातळी खाली गेली की हेलिकॉप्टरचे नाक वर आहे की खाली, यानुसार पुढचा किंवा मागचा पंप कोरडा पडतो, आणि अशा वेळी तो बंद करून स्थिती बदलल्यावर पुन्हा चालू करणे हे वैमानिकाचे काम असते. अपघातानंतर मुख्य टाकीत ७६ किलो इंधन सापडले, पण पुरवठा टाक्या जवळजवळ रिकाम्या होत्या आणि मुख्य टाकीतील दोन्ही पंपांची बटणे बंद होती. ती बंद का राहिली, हे ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाला निश्चितपणे सांगता आले नाही. ध्वनी किंवा उड्डाणमाहिती नोंदवणारे उपकरण या हेलिकॉप्टरवर नव्हते आणि तशी सक्तीही त्या वेळी नव्हती, हेही त्याचे एक कारण होते.

पुरवठा टाकीतील इंधन कमी झाल्याचा इशारा त्या रात्री पाच वेळा आला आणि प्रत्येक वेळी तो पाहिल्याची नोंद यंत्रणेत झाली. अशा इशाऱ्यानंतर पंप तपासावेत आणि इशारा कायम राहिल्यास १० मिनिटांच्या आत उतरावे, असे तपाससूची सांगते. तसे झाले नाही. आधी उजवे आणि त्यानंतर ३२ सेकंदांनी डावे इंजिन बंद पडले. २०१९ मध्ये या मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीचा निष्कर्ष जाहीर झाला. इशारे चुकीचे असतील असे गृहीत धरून वैमानिकाने धोका पत्करला आणि त्याची किंमत दहा जणांनी मोजली, असा त्याचा आशय आहे.

त्या वैमानिकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र एक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. मुख्य टाकीच्या काट्यावर इंधन दिसत आहे आणि इशाऱ्याचा दिवा इंधन नाही असे सांगतो आहे, अशा वेळी माणसाचे मन कोणावर विश्वास ठेवते? ज्यावर विश्वास ठेवला असता काम सुरू ठेवता येते, त्यावर. म्हणूनच दोन उपकरणांत विसंगती असेल, तेव्हा जे वाईट बातमी देते तेच खरे मानून उतरावे, ही शिकवण प्रशिक्षणात इतक्या आग्रहाने दिली जाते.

उड्डाणापूर्वी टाकी काठोकाठ का भरत नाहीत?

इंधनाला वजन असते आणि हेलिकॉप्टरला प्रत्येक किलो उभा उचलावा लागतो. टर्बाइन इंजिनासाठी वापरले जाणारे विमान इंधन, म्हणजे एटीएफ, लिटरमागे सुमारे ०.८ किलो भरते. २०० लिटर जादा इंधन म्हणजे सुमारे १६० किलो, अर्थात दोन धिप्पाड प्रवासी.

कोल्हापूरच्या बाबतीत उंची आणि उष्णता यांचाही विचार करावा लागतो. उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ३८ अंशांच्या आसपास गेले की हवा इतकी विरळ होते, की इंजिन आणि पंख्याच्या दृष्टीने ते हेलिकॉप्टर जणू ५००० फुटांवर उभे असते. मुंबईच्या किनाऱ्यावर जे वजन सहज उचलले जाते, ते येथे दुपारी उचलले जाईलच असे नाही, आणि चहूबाजूंनी झाडे व तारा असलेल्या मैदानातून सरळ वर चढायचे असेल तर ताकद आणखी लागते. अशा वेळी वैमानिकापुढे दोनच प्रामाणिक पर्याय असतात : प्रवासी किंवा सामान कमी करणे, अथवा इंधन कमी घेऊन वाटेत भरण्यासाठी थांबणे. ‘एक माणूस बसू द्या, काय फरक पडतो’ असे यजमान म्हणतात तेव्हा त्या माणसाचे वजन प्रत्यक्षात इंधनातून, म्हणजेच परतीच्या मिनिटांतून वजा होत असते.

किती इंधन राखून ठेवावे, याचे नियम आहेत का?

आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार, डोळ्यांनी बाहेर पाहून केल्या जाणाऱ्या हेलिकॉप्टर उड्डाणात मुक्कामी पोहोचल्यावरही किमान २० मिनिटे उडता येईल इतके अखेरचे राखीव इंधन उरले पाहिजे आणि उपकरणांच्या आधारे होणाऱ्या उड्डाणात ही मर्यादा ३० मिनिटांची असते. याखेरीज वारा, वळसा, खोळंबा यांसाठी वेगळी तरतूद करावी लागते. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, या विषयाचे नियमन करते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोटारसायकलचे पेट्रोल ‘रिझर्व्ह’ला लागले की आपण पंप येईपर्यंत निश्चिंतपणे गाडी चालवतो, कारण ते पेट्रोल वापरण्यासाठीच ठेवलेले असते. हेलिकॉप्टरचे अखेरचे राखीव इंधन मात्र नेहमीच्या प्रवासात वापरायचे नसते. ते वापरावे लागण्याची वेळ आली, याचाच अर्थ आणीबाणी सुरू झाली असा होतो.

वाऱ्यामुळे हिशेब किती बदलतो? जाताना समोरून लागलेला वारा येताना पाठीशी असतो, म्हणजे बरोबरी होत नाही का?

होत नाही. पावसाळ्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला जाऊन परत यायचे आहे असे समजा. सरळ अंतर साधारण ११० किलोमीटर आणि हेलिकॉप्टरचा वेग ताशी २०० किलोमीटर धरला, तर वारा नसताना जाण्यायेण्याला ६६ मिनिटे लागतात. आता पश्चिमेकडून ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे. जाताना प्रत्यक्ष वेग १५० होतो आणि ४४ मिनिटे लागतात; येताना तो २५० होतो आणि साधारण २६ मिनिटे लागतात. एकूण ७० मिनिटे झाली. याचे कारण असे की, समोरच्या वाऱ्यात आपण अधिक वेळ राहतो आणि पाठीमागच्या वाऱ्याचा लाभ कमी वेळ मिळतो.

चार मिनिटे किरकोळ वाटतील, पण तासाला १०० लिटर इंधन घेणाऱ्या लहान टर्बाइन हेलिकॉप्टरचे राखीव इंधनच मुळात ३३ लिटरांच्या आसपास असते. त्यातच परतीच्या वेळी आंबा घाट किंवा गगनबावड्याचा माथा ढगांनी झाकला गेला, की सह्याद्री ओलांडण्यासाठी उघडी खिंड शोधत दक्षिणेला किंवा उत्तरेला सरकावे लागते. ढगाखालून वाट सापडेल या आशेने घाटाच्या तोंडाशी घिरट्या घालण्यात गेलेली मिनिटे कोणत्याही कागदी हिशेबात धरलेली नसतात. म्हणून सह्याद्री ओलांडणाऱ्या उड्डाणात ‘अमुक वेळेपर्यंत वाट मिळाली नाही तर कोकणातच उतरायचे’ हा निर्णय निघण्यापूर्वी घेतलेला असावा. कोल्हापूर बंद झाल्यास बेळगाव हवाई अंतराने शंभरेक किलोमीटरवर आहे, पण तेथवर पोहोचण्याचे इंधन उरले असेल तरच त्याचा उपयोग.

इंधनाचा काटा चुकतो का?

चुकू शकतो, आणि म्हणूनच चांगला वैमानिक केवळ काट्यावर विसंबत नाही. किती भरले, किती मिनिटे उडालो आणि तासाला किती लागते, यांचा स्वतंत्र हिशेब तो ठेवतो आणि काट्याशी ताडून पाहतो. बहुतेक आधुनिक यंत्रांत कमी इंधनाचा इशारा देणारा संवेदक काट्यापासून स्वतंत्र असतो, तो याचसाठी.

मात्र काटा बरोबर असूनही मोजमापाच्या एककांत घोटाळा होतो. टँकरवरचा मीटर लिटर दाखवतो. कॉकपिटमधील काटा यंत्रानुसार किलो, पौंड किंवा गॅलन दाखवतो. ४०० किलो हवे असताना ४०० लिटर भरले गेले, तर प्रत्यक्षात ३२० किलोच मिळतात. ईसी १३५ सारखे हेलिकॉप्टर तासाला सुमारे २०० किलो इंधन जाळते असे धरले, तर ८० किलोंची ही तूट २४ मिनिटांची ठरते, म्हणजे संपूर्ण राखीव साठा जमिनीवरच नाहीसा झाला. एककांच्या अशाच गोंधळामुळे २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ हे प्रवासी विमान आकाशात इंधनावाचून राहिले होते. वैमानिकांनी ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवले आणि सर्व प्रवासी वाचले.

इंजिन बंद पडल्यावर हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते का?

नाही, निदान तसे होण्याची गरज नसते. इंजिन थांबले की एक विशिष्ट जोडणी मुख्य पंख्याला इंजिनापासून आपोआप सोडवते, त्यामुळे पंखा मोकळा फिरत राहू शकतो. वैमानिकाने डाव्या हातातील ‘कलेक्टिव्ह’ दांडा ताबडतोब खाली केला, तर पात्यांचा कोन कमी होतो आणि खाली येताना पात्यांमधून वर जाणारी हवाच पंख्याला फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की नाक वर उचलून वेग मोडायचा आणि पंख्यात साठलेल्या फिरकीचा उपयोग करून अखेरच्या क्षणी हेलिकॉप्टर अलगद टेकवायचे, अशी ही कृती आहे. ती करण्याची संधी एकदाच मिळते, कारण पंख्यातील ऊर्जा एकदा खर्च झाली की पुन्हा मिळवता येत नाही.

वेळ फारच थोडा असतो. हलक्या पात्यांच्या लहान हेलिकॉप्टरमध्ये दांडा खाली करण्यास एक-दोन सेकंदांचा उशीरही घातक ठरतो. खाली येण्याचा वेग मिनिटाला साधारण १५०० ते २००० फूट असल्याने १००० फुटांवर इंजिन बंद पडले, तर जागा निवडून उतरेपर्यंत अर्ध्या ते पाऊण मिनिटाचा अवधी मिळतो आणि तेवढ्यात जेमतेम एक-सव्वा किलोमीटरच्या परिघातच पोहोचता येते. जमिनीजवळ, कमी वेगात किंवा एका जागी तरंगत असताना इंजिन गेले, तर तेवढाही वाव नसतो. ग्लासगोमध्ये रात्रीची वेळ होती आणि खाली दाट वस्ती होती. आदळण्याच्या क्षणी मुख्य पंखा आणि शेपटीचा पंखा हे दोन्ही थांबलेले होते.

आपल्या परिसराचा विचार केला, तर पंचगंगेच्या खोऱ्यातील हिरवीगार सपाटी वरून उतरण्यास सोयीची दिसते, पण उभ्या उसाखालची जमीन, पाट, बांध आणि विहिरी वरून दिसत नाहीत, आणि शेतांवरून जाणाऱ्या विजेच्या तारा शेवटच्या क्षणापर्यंत लक्षात येत नाहीत. तोडणी झालेले रान त्यामानाने कितीतरी बरे.

दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर घेतले तर हा धोका टळतो ना?

एका इंजिनात बिघाड झाला तर दुसरे तारून नेते, हे खरे आहे. इंधनाच्या बाबतीत मात्र दोन्ही इंजिने एकाच साठ्यावर जगतात. ग्लासगोच्या हेलिकॉप्टरला दोन इंजिने होती.

अनुभवी वैमानिक इतकी साधी चूक कशी करतो?

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील मिझुरी राज्यातील मोस्बी गावाजवळचे आहे. २६ ऑगस्ट २०११ रोजी एएस ३५० जातीची हवाई रुग्णवाहिका रुग्णाला एका रुग्णालयातून दुसरीकडे नेत असताना इंधन संपून पडली आणि वैमानिक, परिचारिका, आपत्कालीन वैद्यकीय सहायक व रुग्ण असे चौघेही दगावले. उड्डाणपूर्व तपासणीत इंधन कमी असल्याचे वैमानिकाच्या लक्षात आले नव्हते. रुग्णालयात उतरल्यावर ते त्याच्या ध्यानात आले, त्याने नियंत्रण कक्षाशी बोलणे केले आणि वाटेतील एका विमानतळावर इंधन भरून पुढे जाण्याचे ठरवले. त्या विमानतळापासून सुमारे एक मैलावर इंजिन बंद पडले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत वैमानिकाचे मोबाइल फोनचे तपशील पाहिले, तेव्हा कामाच्या वेळेत तो वैयक्तिक संदेशांची देवाणघेवाण करत होता असे आढळले. विचलित झालेले लक्ष आणि थकवा यांना मंडळाने अपघाताला हातभार लावणारी कारणे मानले. प्रवासाच्या वेगात असताना इंजिन बंद पडल्यास काय करावे, याचा पुरेसा सराव नसल्याकडेही लक्ष वेधले.

मला या घटनेत सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते ती त्या रुग्णालयाच्या हेलिपॅडवरची. हेलिकॉप्टर सुखरूप जमिनीवर होते, इंधन कमी आहे हे कळलेले होते आणि तरीही ते उडाले. ‘इंधन मागवतो, तोवर रुग्णाला थांबावे लागेल’ असे सांगणे त्या माणसाला आपल्या चुकीची जाहीर कबुली देण्यासारखे वाटले असेल. इंधनाच्या अपघातांत वेळोवेळी हेच दिसते : अज्ञानापेक्षा संकोच अधिक घात करतो.

हेलिकॉप्टर बोलावणाऱ्या आयोजकांचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे, आणि या उत्तरासाठीच मी हे सर्व लिहितो आहे. कोल्हापुरात पाहुण्याला आग्रह करणे हा शिष्टाचार आहे. तोच आग्रह वैमानिकाला केला जातो तेव्हा त्याचे स्वरूप बदलते. सभा दुपारी दोनची असते आणि नेते साडेचारला पोहोचतात. पुढे आणखी एक सभा असते. सूर्यास्तापूर्वी परतणे आवश्यक असते, कारण डोळ्यांनी पाहून करायच्या उड्डाणांना अंधारात सर्वसाधारणपणे परवानगी नसते. मग वेळापत्रकातून जे पहिले वगळले जाते, ते इंधन भरण्यासाठीचे थांबणे. ‘हाताला लागेल एवढ्यावर गाव आहे’, ‘एक चक्कर गावावरून मारा’, ‘मंदिरावर फुले टाकून जाऊ’ या विनंत्या प्रेमाने केलेल्या असतात. त्यांतील प्रत्येक विनंती पाच-दहा मिनिटांची असते आणि राखीव साठा २० मिनिटांचा असतो.

आयोजकांनी काही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. इंधन कोठे आणि कधी भरले जाणार, हे हेलिकॉप्टर पुरवणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्यावे आणि तो वेळ कार्यक्रमपत्रिकेत सभेइतक्याच ठळकपणे मांडावा. प्रवाशांची व सामानाची खरी वजने कळवावीत. अंदाजे सांगितलेले ७० किलो प्रत्यक्षात ९० निघतात, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. उशीर झाला तर कोणती सभा रद्द होईल, हे आदल्या दिवशी ठरवावे, म्हणजे त्या क्षणी तो निर्णय एकट्या वैमानिकाच्या गळ्यात पडणार नाही. आणि वैमानिकाने नकार दिला, तर त्याच्या मालकाला फोन लावू नये. नकार देणाऱ्या वैमानिकाला पुढच्या हंगामात काम मिळेनासे झाले, तर त्याच्या जागी येणारा माणूस नकार न देणारा असेल, एवढे तरी ध्यानात ठेवावे.

महापुरात अडकलेली माणसे दिसत असूनही हेलिकॉप्टर कधीकधी निघून का जाते?

पुराच्या पाण्यात छतावर बसलेल्या माणसासाठी यासारखे दुःख नाही, म्हणून याचे उत्तर नीट दिले पाहिजे. दोर सोडून माणसे वर घेताना हेलिकॉप्टरला एका जागी तरंगावे लागते. पुढे जाताना हवेच्या प्रवाहाचा जो आधार पंख्याला मिळतो, तो तरंगताना मिळत नाही, त्यामुळे या स्थितीत ताकद आणि इंधन दोन्ही जास्त लागतात. शिवाय वर घेतलेल्या प्रत्येक माणसाबरोबर वजन वाढते, म्हणून बचावाच्या हेलिकॉप्टरला मुद्दाम मर्यादित इंधन घेऊन निघावे लागते. निघण्यापूर्वीच एक आकडा ठरवलेला असतो, ज्याला सैनिकी भाषेत ‘बिंगो फ्युएल’ म्हणतात. काटा तेथे पोहोचला की हातातील काम सोडून परत फिरायचे असते. तो आकडा ओलांडून आणखी एका माणसासाठी थांबलेले हेलिकॉप्टर परतीच्या वाटेवर पडले, तर आत असलेले सर्वजण जातात आणि छतावर उरलेल्यांसाठी दुसरी फेरीही होत नाही.

२०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा शहरात पेट्रोल-डिझेलचीही टंचाई झाली होती. रस्ते तुटतात तेव्हाच हेलिकॉप्टरची गरज सर्वाधिक असते आणि नेमका त्याच वेळी टँकरचा रस्ताही बंद असतो. पावसाळ्यापूर्वीच्या आपत्ती आराखड्यात बोटी, लाइफ जॅकेट आणि निवारा केंद्रे यांच्या यादीबरोबर उजळाईवाडीला विमान इंधनाचा पुरेसा साठा आहे का, हा प्रश्नही दरवर्षी विचारला गेला पाहिजे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

मैदानात बॅरलमधून इंधन भरणे सुरक्षित आहे का?

योग्य रीतीने केले तर सुरक्षित आहे. मुख्य शत्रू पाणी. पावसात उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या वरच्या कडेत पाणी साचते आणि दिवस-रात्रीच्या तापमानबदलामुळे ते झाकणाच्या आट्यांतून आत ओढले जाऊ शकते. म्हणून बॅरल आडवे आणि आडोशाला ठेवतात. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. त्यामुळे बॅरल हलवल्यावर काही काळ स्थिर राहू देणे, तळाचे काही इंच इंधन न उपसणे, गाळणी वापरणे आणि भरल्यानंतर हेलिकॉप्टरच्या टाकीच्या तळातून नमुना काढून पाणी दाखवणाऱ्या रसायनाने तो तपासणे, या पायऱ्या कधीही गाळू नयेत. स्थिर विजेची ठिणगी टाळण्यासाठी बॅरल, पंप आणि हेलिकॉप्टर तारेने जोडून घ्यावे लागतात. त्या वेळी मोबाइलवर छायाचित्रे काढण्यासाठी जमलेली गर्दी दूर ठेवणे हे आयोजकांचे काम आहे.

इंधन कमी पडत आहे हे वैमानिकाने नियंत्रण कक्षाला कसे सांगावे?

ठरलेल्या शब्दांतच. ‘मिनिमम फ्युएल’ असे सांगितले की आणखी खोळंबा झाल्यास राखीव साठ्याला हात लागू शकतो, असा अर्थ होतो; ती अद्याप आणीबाणी नसते. राखीव साठा शिल्लक ठेवून उतरणे शक्य नाही असे दिसताच ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ असे जाहीर करावे लागते. मोघम बोलण्याची किंमत २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ मोजावी लागली. एव्हियान्का कंपनीच्या प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी इंधन संपत आल्याचे सांगितले, पण आणीबाणी जाहीर केली नाही; विमान कोसळून ७३ जणांचा मृत्यू झाला.

भारतातील गाजलेले हेलिकॉप्टर अपघात इंधनामुळे झाले होते का?

लोकांच्या स्मरणात असलेले दोन मोठे अपघात, म्हणजे २ सप्टेंबर २००९ रोजी नल्लमला जंगलात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे आणि ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचे हेलिकॉप्टर पडले ते, इंधनाशी संबंधित नव्हते. दोन्ही ठिकाणी ढगाळ, खराब हवामानाचा वाटा होता. तथापि हवामान आणि इंधन हे विषय एकमेकांपासून तोडता येत नाहीत. ज्याच्याकडे इंधन भरपूर आहे, त्याला ढगांपासून मागे फिरता येते.

इंधन कमी पडल्यावर शेतात उतरणे हे अपयश मानावे का?

मुळीच नाही. इंजिन चालू असताना स्वतः निवडलेल्या मोकळ्या जागेत उतरता येणे, हीच तर हेलिकॉप्टरची विमानापेक्षा मोठी सोय आहे. हेलिकॉप्टर असोसिएशन इंटरनॅशनल या संस्थेने ‘उतरा आणि जिवंत राहा’ अशा आशयाची मोहीम याच कारणासाठी चालवली, कारण शंका येऊनही पुढे जात राहिलेल्या वैमानिकांचे अपघात तिला अस्वस्थ करत होते. नियमांची चौकशी, मालकाची नाराजी आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्या यांची भीती वैमानिकाला हवेतच ठेवते. ती भीती कमी करणे कंपन्यांच्या आणि डीजीसीएच्या हाती आहे.

आमच्या रानात अचानक हेलिकॉप्टर उतरले, तर आम्ही काय करावे?

प्रथम लांब थांबावे आणि मुलांना व जनावरांना मागे घ्यावे. पंखा पूर्णपणे थांबेपर्यंत जवळ जाऊ नये. शेपटीचा छोटा पंखा वेगामुळे जवळजवळ दिसत नाही आणि त्याच्या दिशेने कधीही जाऊ नये. उतारावर हेलिकॉप्टर उभे असेल, तर चढाच्या बाजूने मुख्य पंखा जमिनीच्या अधिक जवळ येतो, म्हणून त्या बाजूने जाणे टाळावे. आसपास विडी-सिगारेट किंवा पाचट पेटवलेले असल्यास ते विझवावे. ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवून गावाचे नाव, गट क्रमांक आणि तेथवर येणारा पाणंद रस्ता सांगावा, कारण इंधनाची गाडी त्याच वाटेने येणार असते. पिकाचे नुकसान झाले असल्यास तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचे बोलणे कंपनीशी करावे. त्यासाठी वैमानिकाला घेराव घालू नये. पुरेसे इंधन येईपर्यंत, किंवा अंधार पडला तर सकाळपर्यंत, हेलिकॉप्टर तेथेच राहील. ‘थोडे आहे ना, उजळाईवाडी इथेच तर आहे’ असे म्हणून त्याला उठवण्याची घाई कोणी करू नये.